कुठलं यंत्र कुठे? क्वाड्रॅटिक असाइनमेंटचा प्रश्न सोडवायला बसताना

वर्कशॉपमध्ये ओळीने चार जागा आहेत आणि चार गोष्टी मांडायच्या आहेत: लेथ, मिलिंग, ग्राइंडिंग आणि तपासणीचं टेबल. कुठल्या दोन ठिकाणांमध्ये दिवसाला किती ट्रॉल्या फिरतात हे मोजलेलं आहे. एकूण ढकलगाडी कमीत कमी व्हावी अशी मांडणी हवी. मांडण्या चोवीसच, त्यामुळे कागदावर सगळ्या तपासता येतात. जागा बारा झाल्या की मांडण्या ४७,९०,०१,६०० होतात, आणि तीस झाल्या की २.६५ गुणिले १० चा ३२ वा घात. तिथे सगळ्या तपासायची भाषा सोडून द्यावी लागते.

या प्रश्नाचं नाव क्वाड्रॅटिक असाइनमेंट प्रॉब्लेम, रोजच्या बोलण्यात क्यूएपी. कूपमन्स आणि बेकमन या अर्थतज्ज्ञांनी १९५७ साली कारखाने कुठे उभारावेत या संदर्भात तो मांडला. १९७६ मध्ये सहनी आणि गोन्झालेझ यांनी दाखवलं की अचूक उत्तर तर अवघड आहेच, पण ‘उत्तमाच्या अमुक पटीच्या आत नक्की राहीन’ अशी हमी देणारी वेगवान पद्धतही मिळण्याची आशा नाही. म्हणून ह्युरिस्टिक शोध: हमी नाही, पण व्यवहारात उत्तरं फार चांगली मिळतात. खालची वाट प्रोग्रॅमिंग येणाऱ्या, पण या प्रश्नाला नवख्या वाचकासाठी आहे.

आधी खात्री करा की प्रश्न खरंच अवघड आहे

ही पायरी बरेच जण गाळतात. ‘हा कामगार त्या यंत्रावर बसवला तर इतका खर्च’ एवढंच असेल आणि एकाची जागा दुसऱ्याच्या खर्चात ढवळाढवळ करत नसेल, तर तो साधा, लिनियर असाइनमेंटचा प्रश्न आहे. त्यासाठी कून यांनी १९५५ मध्ये मांडलेली हंगेरियन पद्धत अचूक उत्तर देते, आणि हजार कामगारांचा तक्ताही संगणक क्षणात सोडवतो. पायथनच्या सायपाय लायब्ररीत ते फंक्शन तयार मिळतं. अशा प्रश्नावर टाबू सर्चसारखी ह्युरिस्टिक पद्धत चालवणं म्हणजे मुंगी मारायला तोफ, आणि तीही नेम चुकणारी.

क्यूएपीची खूण अशी: खर्च जोड्यांचा असतो. लेथ कुठे ठेवलं यावरून काहीच ठरत नाही. लेथ आणि मिलिंग एकमेकांपासून किती लांब आहेत यावरून ठरतं. रुग्णालयातले विभाग, सर्किट बोर्डवरचे भाग, कळफलकावरची अक्षरं या सगळ्यांचा साचा हाच. बर्कार्ड आणि ओफरमान यांनी टाइपरायटरच्या कळांची मांडणी १९७७ मध्येच या साच्यात बसवली होती. देवनागरी कळफलकाचा विचार करायचा असेल तर वर्दळीच्या जागी ‘कुठलं अक्षर कुठल्या अक्षरामागून किती वेळा येतं’ आणि अंतराच्या जागी ‘एका कळेवरून दुसरीवर जायला बोटाला लागणारा वेळ’ घाला. प्रश्न तोच राहतो.

दोन तक्ते आणि एक ॲरे

लागणारी सामग्री एवढीच. व हा वर्दळीचा तक्ता: व[क][ख] म्हणजे क आणि ख या यंत्रांमधल्या फेऱ्या. अं हा जागांमधल्या अंतरांचा तक्ता. आणि जा हा ॲरे: जा[क] म्हणजे क हे यंत्र ज्या जागेवर आहे तिचा क्रमांक. खर्च म्हणजे सगळ्या क, ख जोड्यांसाठी व[क][ख] × अं[जा[क]][जा[ख]] यांची बेरीज.

पहिला घोळ इथेच होतो. जा[क] म्हणजे ‘क यंत्राची जागा’ की ‘क जागेवरचं यंत्र’? दोन्ही पद्धती चालतात, पण एकाच प्रोग्रॅममध्ये दोन्ही शिरल्या की उत्तरं जवळजवळ बरोबर येतात, आणि ती साफ चुकीच्या उत्तरांपेक्षा जास्त त्रास देतात. व्याख्या फाइलच्या पहिल्या ओळीत कॉमेंट म्हणून लिहून टाका.

दुसरा घोळ दुपटीचा. तक्ता सममित असेल तर पूर्ण दुहेरी बेरजेत प्रत्येक जोडी दोनदा मोजली जाते. हातानं करताना आपण ती एकदाच मोजतो. दोन्ही ठीक, पण दुसऱ्याच्या आकड्याशी तुलना करताना भान ठेवा.

आता आपलं वर्कशॉप. रोजच्या फेऱ्या अशा धरू: लेथ–मिलिंग १२, लेथ–ग्राइंडिंग ८, मिलिंग–तपासणी ८, ग्राइंडिंग–तपासणी ५, ग्राइंडिंग–मिलिंग ३, लेथ–तपासणी १. जागा एका रांगेत, शेजारच्या दोन जागांमधलं अंतर १, त्यापलीकडच्या जागेपर्यंत २, टोकापासून टोकापर्यंत ३. प्रत्येक जोडी एकदाच मोजू.

मांडणी: तपासणी, ग्राइंडिंग, मिलिंग, लेथ. खर्च: लेथ–मिलिंग १२×१, लेथ–ग्राइंडिंग ८×२, मिलिंग–तपासणी ८×२, ग्राइंडिंग–तपासणी ५×१, ग्राइंडिंग–मिलिंग ३×१, लेथ–तपासणी १×३. बेरीज १२+१६+१६+५+३+३ = ५५. हा आकडा लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.

खर्चाचं फंक्शन आधी तपासून घ्या

शोधाची एकही ओळ लिहायच्या आधी हे करा. क्यूएपीलिब नावाचा नमुना-प्रश्नांचा संग्रह आहे. बर्कार्ड, कारिश आणि रेंडल यांनी तो उभा केला. त्यातले ‘नग’ नावाचे प्रश्न नजेंट आणि सहकाऱ्यांच्या १९६८ च्या कामातून आलेले आहेत. जागा चौकटीत मांडलेल्या, अंतर आडवं अधिक उभं. उत्तम खर्च ठाऊक आहेत: नग-१२ साठी ५७८, नग-१५ साठी ११५०, नग-२० साठी २५७०, नग-२५ साठी ३७४४, नग-३० साठी ६१२४. हे आकडे दुहेरी बेरजेचे आहेत. प्रोग्रॅमने नग-१२ साठी २८९ दाखवला तर घाबरू नका, जोडी एकदाच मोजली जातेय. पण दुहेरी बेरजेत ५७८ पेक्षा कमी काहीही आलं तर पार्टी करू नका, फंक्शन चुकलंय.

फाइलची रचना सोपी: आधी आकार, मग पहिला तक्ता, मग दुसरा. उत्तराच्या फाइलमध्ये आकार, खर्च आणि मांडणी. एक खाच आहे. काही प्रश्नांत पहिला तक्ता अंतरांचा असतो, काहींत वर्दळीचा. दिलेली मांडणी तुमच्या फंक्शनमध्ये घालून छापलेला खर्च आला नाही तर मांडणी उलटी करून बघा, म्हणजे यंत्रावरून जागा याऐवजी जागेवरून यंत्र. बहुतेक वेळा आकडा जुळतो. क्रमांक १ पासून आहेत आणि तुमचा ॲरे ० पासून, हेही विसरू नका.

अदलाबदल आणि तिची किंमत

शोधाची मूळ चाल एकच: दोन यंत्रांच्या जागा बदलायच्या. न यंत्रं असतील तर अशा न(न−१)/२ चाली होतात; तीस यंत्रांसाठी ४३५. सगळ्या चाली तपासायच्या, सर्वांत जास्त बचत देणारी करायची, आणि बचत संपली की थांबायचं. ही लोकल सर्च.

नवशिक्याचा प्रोग्रॅम इथे कासव होतो, कारण तो प्रत्येक चालीनंतर सगळा खर्च नव्याने मोजतो. तीस यंत्रांसाठी एका खर्चाला ९०० गुणाकार, गुणिले ४३५ चाली, म्हणजे शोधाच्या एका फेरीला (सगळ्या चाली एकदा तपासायला) ३,९१,५०० गुणाकार. खरं तर र आणि स यांची अदलाबदल केली की इतर यंत्रांमधलं काहीच बदलत नाही. बदल फक्त या दोघांच्या जोड्यांमध्ये होतो. तक्ते सममित असतील आणि कर्णावर शून्यं असतील तर

फरक = २ × बेरीज, र आणि स सोडून प्रत्येक क साठी: (व[र][क] − व[स][क]) × (अं[जा[स]][जा[क]] − अं[जा[र]][जा[क]])

जोडी एकदाच मोजत असाल तर सुरुवातीचे २ काढा. आपल्या वर्कशॉपमध्ये करून बघू: ग्राइंडिंग (जागा २) आणि मिलिंग (जागा ३) बदला. तपासणी जागा १ वर: (५ − ८) × (२ − १) = −३. लेथ जागा ४ वर: (८ − १२) × (१ − २) = +४. फरक +१. म्हणजे खर्च ५६ होणार. पूर्ण मोजून पाहा, ५६ च येतो.

या सूत्राने एका फेरीचं काम ४३५ × २८ = १२,१८० गुणाकारांवर येतं. आणखी एक पायरी खाली उतरता येते. सगळ्या चालींचे फरक एका तक्त्यात साठवून ठेवा. र–स ही चाल प्रत्यक्ष केल्यावर, ज्या उ–ट चालीत र किंवा स नाहीत, तिचा नवा फरक जुन्यात फक्त एवढं मिळवून मिळतो:

२ × (व[र][उ] − व[र][ट] + व[स][ट] − व[स][उ]) × (अं[स,उ] − अं[स,ट] + अं[र,ट] − अं[र,उ])

इथे अं[स,उ] म्हणजे स आणि उ यांच्या जागांमधलं अंतर, आणि जागा अदलाबदल झाल्यानंतरच्या धरायच्या. आधीच्या धरल्या तर चिन्ह उलटतं आणि प्रोग्रॅम शांतपणे भलतीकडे जातो. र किंवा स ज्यांत आहेत त्या ५७ चालींचे फरक मात्र पूर्ण सूत्राने काढायचे. आता एका फेरीला ३७८ छोटी कामं आणि ५७ × २८ = १,५९६ गुणाकार, मिळून दोन हजारांच्या आत. जवळजवळ चार लाखांवरून दोन हजारांवर येणं हे महागड्या संगणकाने साधत नाही.

एक सवय लावून घ्या: दर हजार फेऱ्यांनी खर्च पूर्ण मोजा आणि चालू आकड्याशी ताडून पाहा. पूर्णांक असतील तर दोन्ही तंतोतंत जुळले पाहिजेत. दशांश असतील तर चुका हळूहळू साचतात, तेव्हा अधूनमधून फरकांचा तक्ता नव्याने भरा. आणि तक्ते असममित असतील, म्हणजे जाताना वेगळं अंतर आणि येताना वेगळं, तर वरची दोन्ही सूत्रं चालत नाहीत. लांब रूप वापरावं लागतं. एकेरी वाहतुकीचा रस्ता मध्ये आला की हे हमखास होतं. दोन्ही तक्त्यांपैकी एकच असममित असेल तर सुटका सोपी आहे: त्याच्या समोरासमोरच्या दोन आकड्यांची सरासरी दोन्हीकडे लिहा. एकूण खर्च बदलत नाही.

खळगा

आता ५५ च्या मांडणीकडे परत येऊ. तपासणी, ग्राइंडिंग, मिलिंग, लेथ. सहा चाली शक्य आहेत. त्यांचे खर्च ५७, ५७, ५६, ५६, ७७ आणि ६३ येतात. सगळे वाईट, म्हणजे ही मांडणी एक खळगा आहे. लोकल सर्च इथे थांबते आणि ५५ हे उत्तर म्हणून देते.

पण तपासणी, मिलिंग, लेथ, ग्राइंडिंग ही मांडणी ५१ ची आहे. तिथे पोचायचं तर आधी ग्राइंडिंग आणि मिलिंग बदलून ५६ वर चढावं लागतं, आणि मग ग्राइंडिंग आणि लेथ बदलून ५१ वर उतरता येतं. चार यंत्रांच्या प्रश्नातसुद्धा खळगा असतो. तीस यंत्रांच्या प्रश्नात ते मोजण्यापलीकडे असतात. टाबू सर्च, अ‍ॅनीलिंग, धक्का देऊन पुन्हा उतरणं, यांतली प्रत्येक पद्धत ‘तोट्याची चाल कधी मान्य करायची’ याचंच वेगळं उत्तर आहे.

टाबू सर्च: पहिली पद्धत हीच लिहा

ग्लोव्हर यांनी १९८० च्या दशकात मांडलेली कल्पना. दर फेरीला उपलब्ध चालींपैकी सर्वांत चांगली करायची, मग ती तोट्याची असली तरी. मात्र लगेच मागे फिरायचं नाही. क्यूएपीसाठी तायार यांनी १९९१ मध्ये दिलेलं रूप आजही पहिला प्रयोग म्हणून उत्तम आहे, आणि शंभरेक ओळींत मावतं.

निषिद्ध चालींची यादी ठेवण्याऐवजी यंत्र × जागा असा तक्ता ठेवा. र आणि स बदलल्यावर, र ला त्याच्या जुन्या जागेवर आणि स ला त्याच्या जुन्या जागेवर परतायला मुदत लावा: त्या खान्यात ‘आताची फेरी + मुदत’ लिहायचं. चाल निषिद्ध केव्हा? दोन्ही यंत्रं अशा जागांवर जात असतील जिथे परतायची त्यांची मुदत संपलेली नाही, तेव्हाच. एकाची संपली असेल तर चाल खुली. या ‘दोन्ही’ऐवजी ‘कुठलंही एक’ लिहिलं तर बंधन फार घट्ट होतं आणि शोध गुदमरतो.

मुदत किती? ०.९न ते १.१न यांमधला रँडम आकडा. तीस यंत्रांसाठी २७ ते ३३. ठरावीक एकच आकडा ठेवला तर शोध त्याच मांडण्यांभोवती घाण्याच्या बैलासारखा फिरत राहण्याचा धोका असतो. रँडम ठेवण्याचं कारण तेवढंच. बत्तिती आणि तेक्किओली यांनी १९९४ मध्ये मुदत आपोआप वाढवणारं-घटवणारं रूप दिलं, पण ते पहिल्या आठवड्यात लिहू नका.

दोन सवलती हव्यात. एक: निषिद्ध चाल आजवरच्या सर्वोत्तम खर्चाच्याही खाली नेत असेल तर निषेध गुंडाळून ठेवा. दोन: एखादं यंत्र एखाद्या जागेवर फार काळ गेलेलंच नसेल, म्हणजे न² च्या दोन ते पाच पट फेऱ्यांत, तर त्याला तिथे जबरदस्तीने पाठवा. ही दुसरी सवलत नवखे गाळतात आणि मग शोध एकाच गल्लीत का फिरतो याचं नवल करतात. ती वापरत असाल तर तक्ता सुरुवातीला शून्यांनी भरू नका. सगळे खाने एकाच फेरीला ‘फार जुने’ ठरतात आणि अचानक शेकडो जबरदस्तीच्या चाली रांगेत उभ्या राहतात. क यंत्र आणि ख जागेच्या खान्यात −(न × क + ख) असे वेगवेगळे ऋण आकडे भरा, म्हणजे त्या एकेक करून येतात.

आपल्या वर्कशॉपमध्ये ५६ वरून ५१ वर जाताना टाबू तक्त्याची गरजच पडली नाही, कारण मागे फिरण्याच्या ५५ पेक्षा ५१ सरसच होतं. मोठ्या प्रश्नांत असं नशीब मिळत नाही: खळग्यातून एक पायरी चढल्यावर सर्वांत चांगली चाल नेमकी परत खाली नेणारी असते, आणि बाहेर पडायला तशा पाच-सात पायऱ्या चढाव्या लागतात.

या प्रोग्रॅममध्ये तीन चुका वारंवार दिसतात.

फेरीतली सर्वोत्तम चाल शोधताना ‘आतापर्यंतचा किमान फरक’ शून्याने सुरू केलेला असतो. मग धन फरकाची चाल कधीच निवडली जात नाही आणि टाबू सर्च म्हणून साधी लोकल सर्च चालते. अनंत किंवा फार मोठ्या आकड्याने सुरू करा.

सर्वोत्तम मांडणी जपताना ॲरेची प्रत न काढता फक्त नाव दिलेलं असतं. पायथनमध्ये हे फार होतं. शेवटी छापलेला खर्च सर्वोत्तम असतो आणि मांडणी शेवटच्या फेरीची. म्हणून छापण्याआधी मांडणीचा खर्च पुन्हा मोजा.

आणि लहान प्रश्नांत, चार-पाच यंत्रांत, सगळ्याच चाली एकदम निषिद्ध होऊ शकतात. अशा वेळी काय करायचं ते आधीच लिहून ठेवा. ज्या चालीची मुदत सर्वांत आधी संपतेय ती घेणं पुरेसं आहे.

नग-३० वर एक लाख फेऱ्यांच्या दहा खेपा काढा, प्रत्येक वेगळ्या सुरुवातीपासून. ६१२४ दिसायला हवा. दहापैकी एकदाही दिसला नाही तर मुदत-तक्त्याची अट पुन्हा वाचा. एका खेपेत सुमारे वीस कोटी प्राथमिक क्रिया होतात: सी भाषेत हा सेकंदांचा खेळ, पायथनच्या साध्या लूपमध्ये चहा करून यावा. नमपाय लायब्ररीने फरकांचा पूर्ण तक्ता एकदम अद्ययावत केला तर पायथनही सुसह्य होतं.

सिम्युलेटेड अ‍ॅनीलिंग: तापमानच सगळं ठरवतं

इथे सगळ्या चाली तपासत नाहीत. एक चाल उचलायची. फायद्याची असेल तर करायची, तोट्याची असेल तर ई चा (−फरक/तापमान) घात एवढ्या संभाव्यतेने करायची. तापमान हा फक्त एक आकडा: सुरुवातीला मोठा, मग हळूहळू कमी करत नेलेला. फरक ५ आणि तापमान १० असेल तर शंभरातल्या एकसष्ट वेळा, तापमान २ असेल तर जेमतेम आठ वेळा. फरकांचा तक्ता ठेवायची गरज नाही, कारण बऱ्याच चाली नाकारल्याच जातात. दर चालीला पहिलं सूत्र पुरे.

‘तापमान १०० पासून सुरू करा’ असा सल्ला वाचलात तर विसरा. वर्कशॉपमध्ये फरक १ ते २२ आहेत, क्यूएपीलिबच्या काही प्रश्नांत ते लाखांत असतात. तापमान प्रश्नाच्या एककांत मोजलं पाहिजे. कॉनोली यांची १९९० ची रीत साधी आहे: आधी काही रँडम चाली करून खर्चवाढीचा किमान आणि कमाल आकडा टिपा. सुरुवातीचं तापमान = किमान + (कमाल − किमान)/१०, शेवटचं = किमान. त्यांचं दुसरं निरीक्षणही उपयोगी आहे: चाली रँडम उचलण्याऐवजी (१,२), (१,३), (१,४)… अशा क्रमाने घ्या. थंड अवस्थेत सुटकेच्या चाली मोजक्याच उरतात. रँडम निवड त्यांना बराच काळ चुकवू शकते, क्रमाने गेलं तर एका फेरफटक्यात प्रत्येकीचा नंबर लागतो.

सुरुवातीच्या बराच वेळ खर्चाचा आलेख वरखाली नाचत असेल तर तापमान फार आहे आणि तेवढा वेळ वाया गेलाय. पहिल्या काही फेऱ्यांतच सपाट झाला तर फार कमी.

धक्का, आणि मिश्र पद्धती

आणखी एक स्वस्त पद्धत: लोकल सर्चने खळग्यात उतरा, मग काही रँडम अदलाबदलींचा धक्का द्या, पुन्हा उतरा, चांगलं असेल तर ठेवा. धक्क्याचा आकार महत्त्वाचा. दोन यंत्रं हलवली तर पुढची लोकल सर्च बहुधा परत त्याच खळग्यात आणते. सगळी हलवली तर ती नवी सुरुवातच झाली, आधीचं शिकलेलं पाण्यात. तीनपासून सुरू करा, यश आलं नाही तर एकेक वाढवा, न/३ च्या पुढे गेलात की परत तीनवर या.

जनुकीय पद्धतींबद्दल, म्हणजे दोन ‘पालक’ मांडण्यांतून नवी मांडणी बनवणाऱ्या पद्धतींबद्दल, एवढंच: दोन मांडण्या मधोमध कापून जोडल्या तर एकाच जागेवर दोन यंत्रं येतात. दोन्ही पालकांत सारख्या असलेल्या जागा जशाच्या तशा ठेवा, बाकी रँडम भरा आणि लगेच लोकल सर्च किंवा छोटी टाबू सर्च चालवा. त्या शेवटच्या पायरीविना जनुकीय पद्धत क्यूएपीवर लंगडीच चालते.

कुठे काय वापरावं? वर्दळ सर्वत्र साधारण सारखी विखुरलेली असेल तर टाबू सर्चला हरवणं कठीण. वर्दळ गटागटांत एकवटलेली असेल, म्हणजे मोजक्या जोड्यांत प्रचंड आणि बाकीकडे शून्य, तर खळगे खोल असतात आणि धक्का देणाऱ्या किंवा मिश्र (जनुकीय अधिक लोकल सर्च) पद्धती पुढे जातात. खऱ्या आयुष्यातले प्रश्न बहुधा दुसऱ्या जातीचे. एल्शाफेई यांनी १९७७ मध्ये मांडलेला रुग्णालयाचा प्रश्न या जातीचा आहे: १९ विभाग, उत्तम खर्च १,७२,१२,५४८. आकार नग-२० पेक्षा लहान, तरी साध्या लोकल सर्चची उत्तरं इथे भलतीच विखुरतात. दोन्ही जातींवर चाचणी घेतल्याशिवाय ‘माझी पद्धत चांगली’ म्हणू नका.

खरा प्रश्न तक्त्यात बसत नाही तेव्हा

यंत्रांपेक्षा जागा जास्त असतील तर शून्य वर्दळीची खोटी यंत्रं घाला. मग दोन खोट्यांच्या अदलाबदलीचा फरक नेहमी शून्य येतो, आणि खळग्यात टाबू सर्चला तीच चाल सर्वांत गोड वाटते. शोध रिकाम्या जागा आपसात बदलत बसतो आणि खर्चाचा आलेख एकदम सपाट होतो. खोटं–खोटं चाली यादीतूनच काढून टाका.

काही यंत्रं हलवताच येत नाहीत: पाया घातलेला प्रेस, भिंतीला लागून असलेली भट्टी. अशांसाठी मोठा दंड लावायचा मोह होतो. टाळा. दंडाचा डोंगर फरकांच्या तक्त्यात घुसला की अ‍ॅनीलिंगचं तापमान बिघडतं. त्या यंत्राच्या चालीच बनवू नका, सुरुवातीची मांडणी नियमात बसणारी घ्या, झालं. ‘ही दोन शेजारी नकोत’ अशा अटी मात्र इतक्या सहज सुटत नाहीत. तिथे दंड चालेल, पण तो नेहमीच्या फरकांच्या दोन-तीन पटच ठेवा आणि शेवटी अट पाळली गेलीय का ते वेगळं तपासा.

आणि आकडे ६४ बिटच्या पूर्णांकात ठेवा. मीटरऐवजी मिलिमीटर आणि दिवसाऐवजी वर्षाच्या फेऱ्या घेतल्या की ३२ बिटची २१४ कोटींची मर्यादा कधी ओलांडली ते कळतही नाही. खर्च एकदम ऋण झालेला दिसतो.

उत्तर सांगताना

एका खेपेचा आकडा सांगू नका. किमान दहा खेपा, प्रत्येकीचं रँडम बीज नोंदवलेलं, आणि तीन आकडे: सर्वोत्तम, सरासरी, सर्वांत वाईट. ज्ञात उत्तमाशी तुलना टक्क्यांत करा: नग-३० वर ६१४८ मिळाला तर तफावत २४ भागिले ६१२४, म्हणजे ०.३९ टक्के. दोन पद्धतींना वेळ सारखा द्या, फेऱ्या सारख्या नव्हेत. टाबूची एक फेरी म्हणजे ४३५ चालींचा विचार, अ‍ॅनीलिंगची एक फेरी म्हणजे एकाच चालीचा.

दोन खेपांत खर्च सारखा पण मांडण्या वेगळ्या आल्या तर आधी आरसा लावून बघा. नग-१२ च्या जागा तीन बाय चारच्या चौकटीत आहेत. आडव्या आणि उभ्या उलटवून प्रत्येक मांडणी चार रूपांत येते. आपल्या वर्कशॉपमध्येही तपासणी–मिलिंग–लेथ–ग्राइंडिंग आणि ग्राइंडिंग–लेथ–मिलिंग–तपासणी हे एकच उत्तर आहे.

ह्युरिस्टिकने ६१२४ काढला म्हणून तो उत्तम असल्याचं सिद्ध होत नाही. नग-३० ची ती सिद्धता २००० साली अ‍ॅनस्ट्रायकर, ब्रिक्सियस, गू आणि लिंडरॉथ यांनी केली. त्यासाठी जाळ्याने जोडलेले शेकडो संगणक सुमारे सात दिवस राबले. एकट्या वर्कस्टेशनला त्याच कामाला सातेक वर्षं लागली असती. तोच आकडा तुमची टाबू सर्च लॅपटॉपवर चहा उकळेपर्यंत देते, फक्त ‘याहून कमी नाहीच’ हे सांगू शकत नाही.

प्रत्यक्ष मांडणीसाठी देताना एकच उत्तर देऊ नका. शोध चालू असताना सर्वोत्तमाच्या एका टक्क्याच्या आत आलेल्या, पण एकमेकींपासून निदान न/३ यंत्रांनी वेगळ्या असलेल्या चार-पाच मांडण्या बाजूला ठेवा. शॉपफ्लोअरवरचा माणूस पहिल्याच मांडणीकडे बघून सांगतो की ग्राइंडिंगची धूळ तपासणीच्या टेबलावर येईल, आणि ती गोष्ट तुमच्या दोन्ही तक्त्यांत कुठेच नसते.